ऊर्जा ऑन्टोलॉजीत ‘संवेदनशीलता विश्लेषण’ कसे नोंदवावे: नवख्यांसाठी

‘गॅसच्या किमतीवर एक सेन्सिटिव्हिटी चालवून बघ.’ ‘सेन्सिटिव्हिटी चौथ्या प्रकरणात दिली आहे.’ ‘व्याजदराला या मॉडेलची सेन्सिटिव्हिटी फार आहे.’ ‘सेन्सिटिव्हिटीसाठी आम्ही मॉरिस वापरतो.’ ऊर्जा-मॉडेलिंग चालते तिथे ही चारही वाक्ये रोज कानावर पडतात आणि कुणी अडखळत नाही. शब्द एकच, सेन्सिटिव्हिटी, म्हणजे संवेदनशीलता: इनपुट बदलले की मॉडेलचे उत्तर किती हलते. पण पहिल्यात करायचे काम आहे, दुसऱ्यात लिहिलेला मजकूर, तिसऱ्यात एक आकडा आणि चौथ्यात पद्धत. माणूस हे संदर्भावरून ओळखतो. हजारो अभ्यासांची नोंद ठेवणाऱ्या संगणकाला मात्र ते कुणीतरी उलगडून सांगावे लागते. ऑन्टोलॉजी म्हणजे संज्ञा, त्यांच्या व्याख्या आणि परस्परसंबंध यांची संगणकाला वाचता येणारी नोंद. तीत संज्ञा घालणे म्हणजे हे उलगडणे, आणि नवा माणूस अडतो तो इथेच. सॉफ्टवेअर दोन दिवसांत जमते.

हा लेख ओपन एनर्जी ऑन्टोलॉजी, थोडक्यात ओईओ, समोर ठेवून लिहिला आहे. ऊर्जा-प्रणालीच्या अभ्यासांतल्या संज्ञा संगणकाला वाचता येतील अशा बांधण्याचा हा खुला प्रकल्प जर्मनीत उभा राहिला. बर्लिनची राइनर लेमोइन इन्स्टिट्यूट आणि माग्डेबुर्गचे ओटो फॉन गेरिक विद्यापीठ या त्यातल्या महत्त्वाच्या संस्था. काम गिटहब या संकेतस्थळावर उघड्यावर चालते आणि परवाना सीसी-झिरो, म्हणजे कुणालाही बिनशर्त वापरू देणारा, आहे, त्यामुळे कुणीही कुठूनही संज्ञा सुचवू शकतो. आपल्याकडेही याची गरज आहे. पुण्याच्या ‘प्रयास’च्या ऊर्जा गटाने रूमी हा खुला मॉडेलिंग मंच आणि त्यावर उभे असलेले भारताचे पिअर हे मॉडेल प्रसिद्ध केले आहे. अशा मॉडेलांचे निकाल इतर देशांच्या निकालांशेजारी ठेवून वाचायचे, तर गृहीतक, सिनॅरिओ (भविष्याचे मानलेले चित्र), विश्लेषण हे शब्द दोन्हीकडे एकाच अर्थाने नोंदलेले हवेत.

ओईओतल्या व्याख्या इंग्रजीत लिहाव्या लागतात. इथे मी त्या मराठीत मांडतो, कारण वाद भाषेचा नाही, रचनेचा आहे.

पहिली पायरी: आहे का ते पाहा, मग इश्यू उघडा

तीन ठिकाणी शोधा: ओईओची ताजी आवृत्ती, गिटहबवरचे इश्यू (सूचना आणि चर्चांच्या नोंदी), आणि युरोपियन बायोइन्फर्मेटिक्स इन्स्टिट्यूटची ऑन्टोलॉजी लुकअप सर्व्हिस. बंद झालेले इश्यूही चाळा. एखादी संज्ञा का नाकारली गेली किंवा चर्चा कशावर अडली, हे तिथे सापडते आणि तोच वाद नव्याने घालायची वेळ येत नाही. लुकअप सर्व्हिसमध्ये वैद्यकीय चाचण्यांची सेन्सिटिव्हिटीही समोर येईल, म्हणजे खरोखर आजारी असलेल्यांपैकी किती जणांना चाचणी पकडते ते प्रमाण. तिच्याशी आपल्याला काही देणेघेणे नाही. लेबल जुळले म्हणून संज्ञा आयात करायची नसते; व्याख्या आणि वरचा वर्ग, म्हणजे संज्ञा ज्या व्यापक गटात मोडते तो, दोन्ही जुळले पाहिजेत.

इश्यू उघडताना व्याख्या पक्की नसली तरी चालते. पण संज्ञा कुणाला, कशासाठी हवी आणि ती आल्यावर कोणत्या प्रश्नांची उत्तरे मिळतील, हे लिहायलाच हवे. या प्रश्नांना काँपिटन्सी क्वेश्चन म्हणतात. आपल्या संज्ञेसाठी काही असे: सवलत-दराचा (भविष्यातल्या रकमेची आजची किंमत ठरवणाऱ्या दराचा) परिणाम तपासणारे अभ्यास कोणते? अमुक अभ्यासात कोणकोणत्या गृहीतकांवर संवेदनशीलता विश्लेषण झाले? एखादा आकडा मूळ गणनेतला आहे, की इनपुट बदलून केलेल्या गणनेतला? पुढे चर्चा भरकटली, आणि ती भरकटतेच, की या प्रश्नांकडे बोट दाखवता येते.

दुसरी पायरी: हातात एक हिशेब ठेवा

व्याख्येवर हवेत बोलणे सोपे असते. त्याऐवजी एक छोटे, पूर्ण उदाहरण ठेवा आणि प्रत्येक मसुदा त्यावर घासून पाहा. माझे ठरलेले उदाहरण सौर प्रकल्पाच्या विजेच्या समतुल्य खर्चाचे, म्हणजे आयुष्यभराचा खर्च धरून एक युनिट कितीला पडते त्याचे, आहे. पुढचे आकडे सोयीसाठी मानलेले आहेत. एक मेगावॉटचा भांडवली खर्च ४ कोटी रुपये, सीयूएफ (पूर्ण क्षमतेच्या तुलनेत प्रत्यक्ष वीजनिर्मिती) २० टक्के, आयुष्य २५ वर्षे, सवलत-दर १० टक्के, देखभाल शून्य. या दराने भांडवल वसुलीचा गुणक ०.११०२ येतो, म्हणजे वर्षाला सुमारे ४४ लाख ७ हजार रुपये. वीज वर्षाला १७ लाख ५२ हजार युनिट. भागाकार केला की युनिटमागे २.५२ रुपये.

आता एकेक इनपुट २० टक्क्यांनी खालीवर करा, बाकीची जागेवर ठेवा. भांडवली खर्च ३.२ ते ४.८ कोटी झाला, तर वीज २.०१ ते ३.०२ रुपये पडते. सवलत-दर ८ ते १२ टक्के झाला, तर २.१४ ते २.९१. सीयूएफ १६ टक्क्यांवर आला तर ३.१४, २४ वर गेला तर २.१०. सीयूएफ घटल्याचा फटका ६३ पैशांचा आणि वाढल्याचा फायदा ४२ पैशांचा, कारण सीयूएफ भागाकारात खाली बसतो. तीन इनपुट, मूळ धरून सात गणना, आणि शेवटी टॉर्नेडो आलेख, म्हणजे मोठ्या परिणामाकडून लहानाकडे एकाखाली एक लावलेल्या आडव्या पट्ट्या. कुठल्याही अहवालात दिसणारे संवेदनशीलता विश्लेषण ते हेच.

दुसऱ्या टोकाला सांख्यिकीच्या पद्धती आहेत. इनपुट आठ असतील तर एका वेळी एक बदलण्याच्या पद्धतीला १७ गणना पुरतात. मॅक्स मॉरिस यांच्या १९९१ च्या पद्धतीत इनपुट एकामागून एक हलवत जाणारे दहा मार्ग घेतले तर ९० लागतात. इल्या सोबोल यांचे निर्देशांक, म्हणजे आउटपुटच्या चढउतारातला प्रत्येक इनपुटचा वाटा, काढायचे आणि नमुन्याचा आकार १,०२४ धरायचा, तर नेहमीच्या रचनेत १०,२४० गणना होतात. दोन तास घेणारे मॉडेल एका मशीनवर ओळीने चालवले, तर हे काम दोन वर्षांहून जास्त चालेल. म्हणून मोठ्या मॉडेलांचे बरेच अभ्यास एकेक इनपुट हलवण्यावरच थांबतात. सांख्यिकीवाल्यांना ते रुचत नाही आणि त्यांचे बरोबरही आहे, कारण दोन इनपुट एकत्र बदलल्यावर काय होते हे त्यात दिसतच नाही. पण आपल्या व्याख्येत सात गणनांचे कामही बसले पाहिजे आणि दहा हजारांचेही.

तिसरी पायरी: वरचा वर्ग ठरवा

नवे लोक वाक्याच्या शब्दांवर तास घालवतात आणि वरचा वर्ग घाईत निवडतात. उलट करा. वरचा वर्ग चुकला तर बाकीची व्याख्या कितीही रेखीव असली तरी पाडावी लागते.

ओईओचा पाया बीएफओ, म्हणजे बेसिक फॉर्मल ऑन्टोलॉजी. बॅरी स्मिथ यांच्या पुढाकाराने उभी राहिलेली ही वरच्या पातळीची ऑन्टोलॉजी २०२१ मध्ये आयएसओ मानकही झाली. तिची पहिली फाळणी अशी: काही गोष्टी काळातून जाताना दर क्षणी पूर्ण असतात, जसे टर्बाइन, किंवा फाइलमधला डेटा. काही गोष्टी काळात घडतात, त्यांना सुरुवात-मध्य-शेवट असतो, जसे टर्बाइनचे फिरणे, किंवा मॉडेलची गणना. पहिल्यांना कंटिन्युअंट, दुसऱ्यांना ऑकरंट. एकच गोष्ट दोन्हीकडे असू शकत नाही.

आता सुरुवातीची चार वाक्ये परत घ्या. ‘चालवून बघ’ ही प्रक्रिया, म्हणजे ऑकरंट. चौथ्या प्रकरणातला मजकूर आणि टॉर्नेडो आलेख हा माहितीचा ऐवज, कंटिन्युअंट. व्याजदराला असलेली सेन्सिटिव्हिटी किंवा सोबोल निर्देशांक हा डेटा आयटम, म्हणजे माहितीचा एक नग, तोही कंटिन्युअंट. मॉरिस ही पद्धत, म्हणजे काय करायचे याची आखणी; तिला आयएओ या माहितीविषयक ऑन्टोलॉजीत प्लॅन स्पेसिफिकेशन हा वर्ग आहे. जर्मन अभ्यासांत आणखी एक वापर भेटतो: ‘गॅस महाग’ किंवा ‘कोळसा उशिरा बंद’ अशा पर्यायी सिनॅरिओलाच सेन्सिटिव्हिटी म्हणतात. तो सिनॅरिओच, मूळ सिनॅरिओचा फरक केलेला भाऊ.

माझे मत स्पष्ट आहे: संवेदनशीलता विश्लेषण ही प्रक्रिया म्हणून नोंदवा. कुणी केले, कधी केले, कोणत्या मॉडेलवर केले, कोणती पद्धत पाळली, हाती काय आले, हे सगळे प्रश्न प्रक्रियेलाच नीट लटकतात. आलेख आणि निर्देशांक तिचे आउटपुट, मॉरिस तिने पाळलेली आखणी. शिवाय मॉडेलची गणना ओईओत प्रक्रियाच आहे, त्यामुळे शेजार जुळतो. तुमच्या आवृत्तीत ‘नियोजित प्रक्रिया’ असा वर्ग असेल तर त्याखाली घाला, कारण विश्लेषण आपोआप घडत नाही. नसेल तर थेट ‘प्रक्रिया’खाली.

चर्चेत कुणीतरी म्हणेल, ‘दोन्ही ठेवूया, प्रक्रिया आणि माहिती.’ वाद करत बसू नका. प्रोटेजे या ऑन्टोलॉजी-संपादकात दोन्ही वर्ग वरचे म्हणून लावा, रीझनर (तर्काने विसंगती शोधणारा प्रोग्रॅम) चालवा आणि स्क्रीनवर जे दिसेल ते दाखवा. संज्ञा लाल होऊन नथिंग या रिकाम्या वर्गाखाली जाते, कारण कंटिन्युअंट आणि ऑकरंट परस्परवर्ज्य आहेत, आणि दोन्हीकडे असलेल्या वर्गात एकही सदस्य असू शकत नाही.

चौथी पायरी: व्याख्या लिहा आणि मोडून पाहा

ओईओत व्याख्येचा साचा ठरलेला आहे: ‘अ म्हणजे असा ब, की जो क.’ ब हा वरचा वर्ग, क हे भेदक लक्षण. अशा लक्षणाची परीक्षा कशी घ्यायची हे न्यायशास्त्राने कधीच सांगून ठेवले आहे. गायीचे लक्षण ‘तांबूस रंग’ धरले तर पांढऱ्या गायी सुटतात, ही अव्याप्ती. ‘शिंगे असणे’ धरले तर म्हशीही आत येतात, ही अतिव्याप्ती. ‘एक खूर असणे’ धरले तर एकही गाय बसत नाही, हा असंभव. प्रत्येक मसुद्याला हे तीन प्रश्न विचारा.

मसुदा पहिला: ‘अशी प्रक्रिया, जिच्यात इनपुट बदलून मॉडेल पुन्हा पुन्हा चालवले जाते.’

नव्वद टक्के लोक हेच लिहितील. अतिव्याप्ती लगेच दिसते. मोजलेल्या आकड्यांशी जुळेपर्यंत पॅरामीटर हलवणे म्हणजे कॅलिब्रेशन, त्यातही मॉडेल पुन्हा पुन्हा चालते. सिनॅरिओंची तुलना करतानाही चालते. मॉन्टे कार्लोने, म्हणजे यादृच्छिक इनपुट घेऊन, आउटपुटचा फक्त पसारा काढायचा असेल, म्हणजे अनिश्चिततेचे विश्लेषण, तरीही चालते. कोडमधला बग शोधतानासुद्धा चालते.

अव्याप्ती इतक्या सहज दिसत नाही. ऊर्जा-प्रणालीची बरीच मॉडेले रेषीय प्रोग्रॅमिंगची, म्हणजे बंधने पाळून सर्वांत कमी खर्चाचे उत्तर शोधणारी, असतात. अशा मॉडेलची एकच गणना पुरी झाली की सॉल्व्हर (ते उत्तर काढणारा प्रोग्रॅम) प्रत्येक बंधनाची शॅडो प्राइस देतो: उत्सर्जनाची मर्यादा एका टनाने सैल केली तर एकूण खर्च किती उतरेल. अमुक तंत्रज्ञानाचा खर्च कोणत्या मर्यादेत हलला तरी उत्तरातली निवड बदलणार नाही, हेही तो सांगू शकतो. दुसरी गणना झालेलीच नाही, पण शिकवताना याला सगळे संवेदनशीलता विश्लेषणच म्हणतात. ‘पुन्हा पुन्हा चालवणे’ हे लक्षण म्हणून टाकून द्यावे लागते. ते कामाचे बाह्य रूप आहे, हेतू नाही.

मसुदा दुसरा: ‘अशी प्रक्रिया, जिच्यात मॉडेलच्या आउटपुटमधली अनिश्चितता वेगवेगळ्या इनपुटच्या अनिश्चिततेकडे वाटून दिली जाते.’

ही दिशा आंद्रेआ साल्टेली यांच्या मांडणीची, आणि ती फार चांगली आहे. हेतू पकडते, कॅलिब्रेशन बाहेर काढते, अनिश्चिततेच्या विश्लेषणापासूनही वेगळी होते, कारण तिथे पसारा मोजला जातो, वाटणी होत नाही. पण आपला सात गणनांचा हिशेब तिच्यात बसतो का? त्यातले २० टक्के ही अनिश्चितता नव्हती, मी ठरवलेली पायरी होती. भांडवली खर्च तितका हलण्याची शक्यता किती, याबद्दल एक अक्षर नव्हते. शॅडो प्राइसही बसत नाही. ऊर्जा-अहवालांतली बहुतेक विश्लेषणे वगळणारी व्याख्या ऊर्जा ऑन्टोलॉजीत काय कामाची? हा मसुदा जपून ठेवा. पुढे ‘वैश्विक संवेदनशीलता विश्लेषण’ (सगळी इनपुट एकत्र हलवणारे) असा उपवर्ग करायचा झाला तर तिथे शोभेल.

मसुदा तिसरा: ‘संवेदनशीलता विश्लेषण म्हणजे अशी नियोजित प्रक्रिया, जिच्यात एखाद्या मॉडेलच्या इनपुटमधील किंवा गृहीतकांतील बदलामुळे त्याच मॉडेलच्या आउटपुटमध्ये किती बदल होतो, हे निश्चित केले जाते.’

‘त्याच मॉडेलच्या’ या दोन शब्दांमुळे मॉडेल-तुलना बाहेर राहते. तिथे इनपुट तेच ठेवून मॉडेल बदलतात. ‘किती बदल’ म्हटल्यामुळे कॅलिब्रेशन सुटते, कारण त्याला जुळणी हवी असते. ‘गृहीतकांतील’ मुद्दाम घातले आहे. तासागणिक चालणारे मॉडेल तीन तासांच्या टप्प्याने चालवून खर्च कितीने हलतो हे पाहणे बऱ्याच जणांना संवेदनशीलता विश्लेषण वाटते, आणि मलाही वाटते.

सिनॅरिओ विश्लेषणाची सीमा मात्र धूसरच राहते. तिथे सहसा बरीच गृहीतके एका सुसंगत चित्रासाठी एकत्र बदलतात, त्यामुळे कोणत्या बदलाने काय झाले हे वेगळे काढता येत नाही. पण एकच गृहीतक बदलून केलेला सिनॅरिओ मूळ सिनॅरिओशी ताडला, तर ते ताडणे आपल्या व्याख्येत बसते. बसू द्या. तो बदललेला सिनॅरिओ स्वतः विश्लेषण नाही, एवढे एडिटर नोटमध्ये लिहा.

असंभव कधी येतो? वरचा वर्ग ‘डेटा आयटम’ ठेवून भेदक लक्षणात ‘निश्चित केले जाते’ असे क्रियापद राहिले तर. घडणारी गोष्ट डेटा नसते, म्हणून अशा व्याख्येत काहीच बसत नाही. मजकूर इकडून तिकडे चिकटवताना हे सर्रास होते.

पाचवी पायरी: अ‍ॅक्सिअम, जपून

अ‍ॅक्सिअम म्हणजे तर्काच्या भाषेत लिहिलेले विधान. मजकुरातली व्याख्या माणसांसाठी, अ‍ॅक्सिअम रीझनरसाठी. इथे एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा: वर्गावर लिहिलेला अ‍ॅक्सिअम ‘साधारणपणे’ लागू होत नाही, प्रत्येक सदस्याला लागू होतो.

पहिला मोह होतो तो ‘हॅज पार्ट मिन २ मॉडेल कॅल्क्युलेशन’ लिहिण्याचा, म्हणजे भाग म्हणून किमान दोन गणना. शॅडो प्राइसच्या उदाहरणाने तो अर्थाच्या बाजूने आधीच पडला आहे. तांत्रिक बाजूनेही पडतो: ‘हॅज पार्ट’ हा संक्रामक गुणधर्म आहे (भागाचा भाग हाही भागच), आणि आउल २ डीएल या ऑन्टोलॉजी लिहिण्याच्या भाषेत संक्रामक गुणधर्मावर संख्येचे बंधन घालता येत नाही. हर्मिट रीझनर ‘नॉन-सिंपल प्रॉपर्टी’ अशी तक्रार करून थांबतो. हा संदेश पहिल्यांदा पाहणारा आपली फाइल बिघडली असे समजतो. फाइल ठीक असते, अ‍ॅक्सिअम नियमाबाहेरचा असतो.

दुसरा पर्याय, ‘हॅज पार्ट सम मॉडेल कॅल्क्युलेशन’, म्हणजे भाग म्हणून किमान एक गणना, सभ्य दिसतो. पण कुणी दुसऱ्याच कामासाठी साठवून ठेवलेल्या गणनांचे निकाल घेऊन त्यांवर विश्लेषण केले तर? त्या गणना या विश्लेषणाचा भाग नव्हत्या. म्हणून मी आणखी सौम्य विधान पसंत करतो: विश्लेषणाला इनपुट म्हणून मॉडेलच्या आउटपुटचा काही डेटा असतो. हे सात गणना, सोबोल आणि शॅडो प्राइस या तिन्ही उदाहरणांत खरे ठरते. इथे एक गल्लत टाळा: मॉडेलचे इनपुट वेगळे आणि विश्लेषण या प्रक्रियेचे इनपुट वेगळे. मॉडेलचे आउटपुट हेच विश्लेषणाचे इनपुट असते. खात्री नसेल तर अ‍ॅक्सिअम सोडून द्या. नसलेला अ‍ॅक्सिअम नंतर घालता येतो. चुकीच्या अ‍ॅक्सिअमवरून काढलेले निष्कर्ष मात्र लोकांच्या डेटापर्यंत जाऊन पोचतात.

सहावी पायरी: नोंद आणि पुल रिक्वेस्ट

संज्ञा मॉडेलिंगशी संबंधित असल्याने ती ओईओच्या मॉडेल मॉड्यूलमध्ये, म्हणजे त्या विषयाच्या वेगळ्या फाइलमध्ये, जाते. लेबल एकवचनी आणि लहान अक्षरांत. व्याख्या वर ठरली ती. पर्यायी लेबल म्हणून नुसते ‘सेन्सिटिव्हिटी’ घालण्याचा आग्रह झाला तर ठाम नकार द्या, नाहीतर चारही अर्थ मागच्या दाराने परत येतील. ‘टर्म ट्रॅकर आयटम’ या नोंदीत इश्यूचा आणि पुल रिक्वेस्टचा, म्हणजे बदल सामावून घेण्याच्या विनंतीचा, दुवा द्या. ही व्याख्या अशीच का, हे विचारणाऱ्याला चर्चा तिथून सापडते.

मॉड्यूल मँचेस्टर सिंटॅक्समध्ये, साध्या मजकुराच्या रूपात असते. प्रोटेजेने जतन करतानाही तेच स्वरूप निवडा आणि कमिट करण्याआधी, म्हणजे बदल पक्का नोंदवण्याआधी, डिफ (काय बदलले त्याची यादी) उघडा. एका संज्ञेसाठी दहा-पंधरा ओळी बदललेल्या दिसायला हव्यात. शेकडो दिसल्या तर फाइल वेगळ्या स्वरूपात किंवा वेगळ्या क्रमाने लिहिली गेली आहे. ती तशीच पाठवली तर तपासणाऱ्याला तुमचा बदल सापडणार नाही. रीझनर चालवून वर्ग अपेक्षित जागी बसला का ते पाहा, चेंजलॉगमध्ये (प्रकल्पाच्या बदलांच्या यादीत) ओळ घाला आणि मग पाठवा.

तपासणीत ऊर्जेचा एक जाणकार आणि ऑन्टोलॉजीचा एक जाणकार मिळाला तर उत्तम. पहिला ‘आमच्या अभ्यासात हे बसते का’ विचारतो, दुसरा ‘हे कंटिन्युअंट की ऑकरंट’ विचारतो, आणि दोघांचे समाधान होईपर्यंत शब्द हलत राहतात. व्याख्या बदलली की जुने उदाहरण पुन्हा लावून पाहा: सात गणना, सोबोल, शॅडो प्राइस.

स्थानिक (मूळ आकड्यांच्या आसपासचे) आणि वैश्विक विश्लेषण हे उपवर्ग, मॉरिस आणि सोबोल या पद्धती, निर्देशांकाचा डेटा आयटम, पर्यायी सिनॅरिओ हे सगळे याच पुल रिक्वेस्टमध्ये उरकायचा मोह होईल. प्रत्येकासाठी स्वतंत्र इश्यू उघडा आणि त्यात मूळ संज्ञेच्या इश्यूचा दुवा द्या. मॉन्टे कार्लोला मात्र संवेदनशीलता विश्लेषणाचा उपवर्ग करू नका. ती पद्धत आहे, आणि अनिश्चिततेच्या विश्लेषणालाही ती तितकीच लागते.